निकोसियाला जाताय? दोन्ही बाजू बघा, पण जपून

निकोसिया ही सायप्रस बेटाची राजधानी. शहर एकच आहे. पण त्याच्या मधोमध तारेचं कुंपण आहे, वाळूची पोती आहेत, पत्र्याची पिंपं रचलेली आहेत आणि पन्नास वर्षांहून जास्त काळ रिकामी पडलेली घरं आहेत. दक्षिण बाजूला सायप्रस प्रजासत्ताकाचं सरकार आहे. उत्तर बाजूला तुर्की सायप्रसवासीयांचं वेगळं प्रशासन आहे. १९८३ साली त्यांनी आपला स्वतंत्र देश जाहीर केला. तुर्कस्तान सोडून जगात कोणीही त्याला मान्यता दिलेली नाही. भारतानेही नाही.

आपल्याकडची पुष्कळ माणसं आता सायप्रसला फिरायला जातात. कुणाची मुलं तिथे शिकतात, कुणाची नोकरीला असतात. तुम्ही जाणार असाल तर दोन्ही बाजू जरूर बघा. एकच बाजू बघून परतलात तर अर्ध्या शहराचं आणि अर्ध्याच गोष्टीचं दर्शन घडेल. पण आधी थोडी तयारी करा. तिथली चूक साधी असते, निस्तरायला मात्र जड जाते.

सगळ्यात पहिली गोष्ट. बेटावर उतरायचं ते दक्षिणेतच. विमानाने जात असाल तर लार्नाका किंवा पाफोस. उत्तरेत एर्जान नावाचा विमानतळ आहे आणि इस्तंबूलहून तिथलं तिकीट कधी कधी स्वस्त पडतं. त्या स्वस्ताईला भुलू नका. उत्तरेतून बेटावर येणं हे प्रजासत्ताकाच्या कायद्याने बेकायदा आहे. तसे उतरलात तर दोन बाजूंमधल्या फाटकावर दक्षिणेचे पोलीस तुम्हाला आत घेणार नाहीत, असं धरूनच चाला. मग दक्षिणेतलं हॉटेल, परतीचं तिकीट, सगळं पाण्यात जाईल.

दुसरी गोष्ट व्हिसाची. सायप्रस युरोपीय संघात आहे, म्हणून युरोपचा कुठलाही व्हिसा चालेल असं समजू नका. भारतीय पासपोर्टवर सायप्रसचा काय नियम आहे, ते तिकीट काढण्याआधी त्यांच्या वकिलातीकडून लेखी विचारून घ्या. विचारताना एक वाक्य मुद्दाम घाला: "मी एक दिवस उत्तरेत जाऊन परत येणार आहे, माझ्या व्हिसावर ते चालेल का?" आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. उत्तर बाजूचे नियमही पासपोर्ट बघून बदलतात. तेही आधी विचारा. एजंटाने तोंडी सांगितलं, यावर विसंबू नका. फाटकावर तुम्ही उभे असाल, एजंट नाही.

पासपोर्ट खिशात हवा. झेरॉक्स चालत नाही, मोबाइलमधला फोटोही चालत नाही. बरोबर मुलं असतील तर त्यांचेही पासपोर्ट घ्या. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून माणसं फाटकापर्यंत येतात आणि उन्हात तशीच परत जातात. तुमचं तसं होऊ नये.

प्रवासाचा विमा काढला असेलच. त्याच्या कागदात बघा, उत्तर बाजू धरलेली आहे का. बऱ्याच विम्यांत ती धरलेली नसते. तिकडे पाय मुरगळला तरी खर्च तुमच्या खिशातून जाईल. आणि हे लक्षात ठेवा: भारताचं उच्चायुक्तालय निकोसियातच आहे, पण दक्षिण बाजूला. उत्तरेत आपली कचेरी नाही. तिथे पासपोर्ट हरवला, पोलिसांनी अडवलं, तर मदत पोचायला वेळ लागतो. उच्चायुक्तालयाचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि एका चिठ्ठीवरही लिहून ठेवा. अडीअडचणीला दक्षिणेत ११२ लावा. उत्तरेत रुग्णवाहिकेला ११२ आणि पोलिसांना १५५.

आता फोनचं. ही बाब लहान वाटते, पण बिल मोठं येतं. दोन्ही बाजूंना वेगळं करणाऱ्या रेषेच्या जवळ बसून दक्षिणेत कॉफी पीत असलात तरी तुमचा फोन उत्तरेचं नेटवर्क पकडू शकतो. ते नेटवर्क युरोपच्या रोमिंगमध्ये बसत नाही. आपल्या भारतीय पॅकमध्येही बसेलच असं नाही. म्हणून जुन्या शहरात शिरताना रोमिंग डेटा बंद करा. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

पैशाचं सोपं आहे. दक्षिणेत २००८ पासून युरो चालतो. उत्तरेत तुर्की लिरा. फाटकाजवळचे उत्तरेतले दुकानदार युरो घेतात, पण सुट्टे लिरात देतात आणि भाव त्यांच्या मनाचा लावतात. एका दिवसापुरते थोडे लिरा बदलून घेतलेत तर बरं पडेल.

गाडी भाड्याने घेतली असेल तर ती निकोसियातल्या दिवशी उभीच ठेवा. दक्षिणेतल्या गाडीचा विमा उत्तरेत लागू होत नाही. फाटकावर वेगळा विमा विकत मिळतो, पण तो तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरतो. तुमच्या गाडीला झालेली इजा त्यात बहुधा येत नाही. शिवाय भाड्याने देणाऱ्या पुष्कळ जणांची गाडी पलीकडे न्यायला परवानगीच नसते. जुनं शहर तसंही पायी बघायचं आहे. बेटावर दोन्ही बाजूंना मिळून नऊ ठिकाणी येण्याजाण्याची फाटकं आहेत. तुम्हाला त्यांतलं एकच लागेल, लेड्रा स्ट्रीटवरचं. ते फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे.

निघण्याआधी या रेषेची हकीकत थोडी माहीत असू द्या. नाहीतर तुम्ही नुसत्या भिंती बघून याल.

सायप्रस १९६० साली इंग्रजांपासून स्वतंत्र झालं. बेटावर ग्रीक बोलणारे ख्रिस्ती जास्त, तुर्की बोलणारे मुसलमान कमी. दोघांनी मिळून राज्य चालवायचं असं ठरलं होतं. तीन वर्षांतच ते मोडलं. १९६३ च्या डिसेंबरात निकोसियात दंगली पेटल्या, माणसं मारली गेली, तुर्की वस्त्या वेढल्यासारख्या झाल्या. लढणाऱ्यांना वेगळं करायला एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. तिलाच आजही हिरवी रेषा म्हणतात. म्हणजे शहर १९७४ साली दुभंगलं असं जे सांगितलं जातं, ते पुरतं खरं नाही. त्याच्या दहा वर्षं आधीच तडा गेला होता.

१९७४ साली तो पक्का झाला. १५ जुलैला ग्रीसमधल्या लष्करी राजवटीच्या चिथावणीने बेटावरचं सरकार उलथवलं गेलं. २० जुलैला तुर्कस्तानने सैन्य उतरवलं. बेटाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग तुर्की सैन्याकडे गेला. दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रसवासी उत्तरेतली घरं सोडून दक्षिणेत आले. चाळीस हजारांहून जास्त तुर्की सायप्रसवासी दक्षिणेतली घरं सोडून उत्तरेत गेले. मधल्या पट्ट्यात संयुक्त राष्ट्रसंघाचे शांतिसैनिक १९६४ पासून उभे आहेत. हा पट्टा बेटभर जवळजवळ १८० किलोमीटर लांब आहे. जुन्या निकोसियात त्याची रुंदी काही ठिकाणी फक्त काही पावलं.

आपला या गोष्टीशी एक खराखुरा धागा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. या शांतिसेनेचे पहिले सेनापती भारतीय होते, जनरल ग्यानी. त्यांच्यानंतर जनरल थिमय्या आले. ते १९६५ च्या डिसेंबरात तिथेच, कामावर असताना वारले. १९७४ ची लढाई पेटली तेव्हा शांतिसेना सांभाळत होते तेही भारतीयच, जनरल प्रेमचंद. दोन्ही बाजूंच्या मधे उभं राहायचं काम आपल्या माणसांनी केलेलं आहे. तुम्ही पाहुणे म्हणून जाल तेव्हा निदान एका बाजूचे होऊन जाऊ नका.

जवळजवळ तीस वर्षं सामान्य माणसाला ही रेषा ओलांडता येत नव्हती. २३ एप्रिल २००३ ला पहिलं फाटक उघडलं. हजारो माणसं रांगा लावून पलीकडे गेली. आपापली जुनी घरं शोधायला. कुणाच्या घरात दुसरं कुटुंब राहत होतं, आणि पुष्कळ ठिकाणी त्या कुटुंबाने दार उघडून त्यांना कॉफी पाजली. फाळणी पाहिलेल्या आपल्या देशाला हे वेगळं समजावून सांगायला नको. लेड्रा स्ट्रीटचं फाटक त्यानंतर पाच वर्षांनी, ३ एप्रिल २००८ ला उघडलं.

आता प्रत्यक्ष फिरण्याचं. माझं मत विचाराल तर निदान पूर्ण दोन दिवस द्या. लार्नाकाहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्या सहलींमध्ये उत्तरेच्या वाट्याला तासभर येतो. त्यात खरेदी होते, शहर दिसत नाही.

पहिला दिवस दक्षिणेत घालवा. जुन्या शहराभोवती व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १५६७ साली बांधायला घेतलेला गोल तट आहे. त्याला अकरा बुरूज आहेत. पाच आज दक्षिणेत, पाच उत्तरेत आणि एक मधल्या पट्ट्यात. तटाच्या कडेने फामागुस्ता दरवाजापर्यंत चाला. मग सायप्रस म्युझियम बघा. तिथल्या उत्तम मूर्तींपैकी कित्येक ज्या गावांत सापडल्या, ती गावं आज रेषेच्या पलीकडे आहेत. सालामिस त्यांपैकीच. संध्याकाळी लेड्रा स्ट्रीटवरच्या उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर जा. तिथून दोन्ही बाजूंची घरं एकत्र दिसतात. समोरच्या डोंगराच्या उतारावर रंगवलेला उत्तरेचा प्रचंड झेंडाही दिसतो. दक्षिणेतल्या माणसाला तो रोज घराच्या गच्चीतून दिसतो. इथल्या लोकांचं बोलणं ऐकताना हे ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर फाटकावर जा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दुपारी चालवत नाही. टोपी आणि पाणी घ्या. आधी दक्षिणेच्या पोलिसांची खिडकी लागते. मग थोडं अंतर बंद दुकानांच्या मधून चालायचं. पुढे उत्तरेची खिडकी. दोन्हीकडे नम्रपणे पासपोर्ट पुढे करा, विचारलं तेवढंच बोला. शनिवार-रविवारी रांग लांबते.

पलीकडे गेल्यावर आरास्ता नावाच्या बाजारातून चालत ब्युक हानला जा. १५७२ साली तुर्कांनी बांधलेली ही दुमजली सराई आहे. मधे मोठं अंगण, अंगणात खांबांवर उभी छोटी मशीद, भोवती व्यापाऱ्यांच्या खोल्या. इंग्रजांच्या काळात तिचा तुरुंगही झाला होता. आज तिथे कारागिरांची दुकानं आहेत. इथे निवांत बसा, जेवा.

तिथून जवळच सेलिमिये मशीद आहे. ती मुळात फ्रेंच धाटणीचं कॅथेड्रल. १२०९ साली काम सुरू झालं. १५७० साली तुर्कांनी शहर घेतलं तेव्हा त्याची मशीद झाली आणि दोन मनोरे चढले. आत गेलात तर एक गोष्ट पाहा. इमारत एका दिशेला आणि मक्केकडे तोंड करून नमाज पढणाऱ्यांच्या ओळी जरा तिरक्या. नमाजाच्या वेळी आत जाऊ नका. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. दुरुस्तीमुळे मशीद बंद असेल तर बाहेरूनही ती बघण्यासारखी आहे.

एक गोष्ट डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. १९७८ साली दोन्ही बाजूंमध्ये तडजोड झालेली नव्हती, पण दक्षिणेचे महापौर लेल्लोस दिमित्रियादिस आणि उत्तरेचे मुस्तफा आकिंजी यांनी एकत्र बसून सांडपाण्याचं काम एकत्र करायचं ठरवलं. घराची वाटणी झाली, भावाभावांनी मधे भिंत घातली, तरी मोरीचं पाणी एकाच गटारातून वाहायचं, तसंच हे झालं. पुढे त्यातूनच जुनं शहर दोघांनी मिळून सांभाळायचा आराखडा तयार झाला. तुम्ही ज्या दुरुस्त केलेल्या गल्ल्यांतून चालाल, त्यांतल्या कित्येक त्याच आराखड्याचं फळ आहेत. राजकारणाने जे केलं नाही ते दोन नगरपालिकांनी केलं. मला तरी या शहरात याहून मोठं काही वाटत नाही.

गल्लीबोळांत हिंडताना रस्ता अचानक संपतो. समोर पिंपं, पोती, तारा आणि "फोटो काढू नये" अशी पाटी. पाटी दिसली की फोन खिशात टाका. सैनिक, चौक्या, शांतिसैनिकांच्या गाड्या, यांचे फोटो काढू नका. भिंतीवर चढून पलीकडे डोकावू नका. ड्रोन तर घरीच ठेवा. तिथला पहारेकरी विशीतला पोरगा असतो आणि त्याला वरून हुकूम असतो. तुमचा फोन काढून घेणं त्याला भाग पडतं. मुलांना हे आधीच समजावून सांगा.

खरेदी बेताची करा. उत्तरेतून दक्षिणेत येताना सीमाशुल्काचे अधिकारी पिशवी उघडायला सांगू शकतात. सिगारेट आणि दारू यांवर कडक मर्यादा आहे. मांस, चीज, दुधाचे पदार्थ आणू नका, काढून घेतील. उत्तरेत नामांकित कंपन्यांच्या नावाच्या बॅगा, बूट आणि घड्याळं फार स्वस्त दिसतील. ती नकली असतात. ती घेऊन युरोपीय संघाच्या हद्दीत शिरणं म्हणजे विकतचं दुखणं.

दोन गोष्टी जास्त गंभीर आहेत. पहिली जागेची. उत्तरेत समुद्रकाठच्या फ्लॅटच्या जाहिराती ठिकठिकाणी दिसतात. भाव ऐकून मन चळतं. तिथे कसल्याही कागदावर सही करू नका, इसाराची रक्कमही देऊ नका. त्यातल्या पुष्कळ जमिनींचे मूळ मालक १९७४ साली घर सोडून दक्षिणेत आलेले लोक आहेत. त्यांचा हक्क गेलेला नाही. अशाच जमिनीवर बंगला बांधलेल्या एका इंग्रज जोडप्याविरुद्ध सायप्रसच्या न्यायालयाने निकाल दिला, आणि २००९ साली युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की तो निकाल इंग्लंडमध्येही मानावा लागेल. अलीकडे अशा जमिनींच्या व्यवहारांवरून दक्षिणेत अटकाही झाल्या आहेत. आयुष्याची पुंजी अशा ठिकाणी घालू नका.

दुसरी मुलांच्या शिक्षणाची. उत्तरेत खासगी विद्यापीठं पुष्कळ आहेत आणि त्यांचे एजंट आपल्याकडेही फिरतात. "युरोपात शिकायला पाठवा" असं सांगतात. ती जागा युरोपीय संघाच्या कायद्याखाली नाही. तिथून मुलगा हवा तेव्हा युरोपात जाऊ शकत नाही. फी भरण्याआधी ती पदवी भारतात धरली जाते का, हे भारतातल्या अधिकृत यंत्रणेकडून लेखी घ्या. मुलाने तिकडे जाऊन "इथे फसलो" असा फोन करण्याची वेळ येऊ देऊ नका.

आता बोलण्याबद्दल. दोन्हीकडची माणसं अगत्यशील आहेत. भारतातून आलो म्हटलं की गप्पा मारायला बसतील. तुम्ही "उत्तर बाजू" आणि "दक्षिण बाजू" एवढेच शब्द वापरा. कुणाला दुखणार नाहीत. "हा कुठला देश?", "चूक कुणाची?" असं विचारू नका. दक्षिणेत कॉफी मागताना तिला तुर्की कॉफी म्हणू नका, सायप्रसची कॉफी म्हणा. चव दोन्हीकडे तीच आहे.

वेळ काढून दोन्ही बाजूंची लढ्याची संग्रहालयं बघा. दक्षिणेत आर्चबिशपच्या वाड्याजवळ एक आहे. उत्तरेतही एक आहे, आणि शिवाय १९६३ च्या हत्यांचं एक वेगळं. प्रत्येकात फक्त आपल्याच बाजूचे मेलेले आहेत. दुसऱ्या बाजूच्या आईचा फोटो कुठेच नाही. एकच संग्रहालय बघून आलात तर रागावून याल. म्हणून बघायची तर सगळी बघा, नाहीतर एकही नको. लहान मुलांना नेऊ नका. फोटो भयंकर आहेत.

आणि एक सांगायचं राहतं. १९६३ पासून १९७४ पर्यंतच्या काळात बेटावरची २००२ माणसं बेपत्ता झाली. १५१० ग्रीक सायप्रसवासी, ४९२ तुर्की सायप्रसवासी. १९८१ साली दोघांची मिळून एक समिती नेमली गेली. दोन्ही बाजूंचे तरुण शास्त्रज्ञ एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलावर, सापडलेली हाडं जुळवतात आणि ती त्या त्या घरी पोचवतात. हजाराहून जास्त जणांची ओळख पटली आहे. बाकीच्यांची वाट अजून पाहिली जाते आहे. म्हणून तिथे एखादी म्हातारी, कुठल्याही बाजूची, तुम्हाला जुना फोटो दाखवू लागली, तर घाई करू नका, मत देऊ नका, पलीकडच्यांचंही असंच झालं असं तिला सांगायला जाऊ नका. बसा आणि तिचं ऐकून घ्या.